परस्पर

दार उघडलं आणि संस्कृतीच्या कित्येक महिन्यांच्या अभ्यासावर पाणी पडलं.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा ती घरूनच देत होती, सावेडीतल्या घराच्या माडीवर, कॅमेऱ्यासमोर. नियम कडक होते. परीक्षा संपेपर्यंत खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये. आणि दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता, ओले हात पुढे धरून.

"टॉवेल... खाली म्हणाले, वर आहे..."

स्क्रीनवर सूचना झळकली. परीक्षा रद्द.

"कोण तुम्ही?" ती उठली ती खुर्ची पाडूनच.

"मी अजिनाथ. म्हणजे... तुम्हाला बघायला आलोय."

"बघितलंत?"

"हो..."

"मग निघा!"

खाली रंगनाथमामा पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बश्या सरकवत होते. बघण्याचा कार्यक्रम त्यांनी परस्पर ठरवला होता. 'आज नको' म्हणून आईने विनवलं, ते त्यांनी कानाआड केलं होतं. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या नव्या शेडचं काम संस्कृतीने पायापासून उभं केलं, पण प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा साहेबांनी प्रमाणपत्राचा मुद्दा काढला. म्हणून ही परीक्षा! ती पाहुण्यांसमोरच मामांवर कडाडली.

"अगं, नावाची तरी लाज राख," मामा खेकसले. "परीक्षा काय, पुन्हा देता येते. असं स्थळ पुन्हा येत नाही."

संध्याकाळी त्या स्थळाचाच फोन आला. अजिनाथ घोडेगावला जनावरांचा डॉक्टर होता.

"चूक माझी आहे. मी दार वाजवायला हवं होतं."

त्यावर संस्कृतीने त्याला मनसोक्त झापलं. त्याला, त्याच्या ओल्या हातांना, मामांना, पोह्यांना... तो ऐकत राहिला. ती दमली तेव्हा हळूच म्हणाला, "उरलेलं उद्या ऐकू का?"

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन लावला. अर्थात, झापायला. तिसऱ्या दिवशीही. मग तशी सवयच पडली. पुन्हा अर्ज, पुन्हा अभ्यास, आणि दिवे लागले की फोन. त्याच्या मागे कुठलीतरी गाय हंबरायची.

"कोण ओरडतंय?"

"गाय आहे. माझी बाजू घेतेय."

एकदा त्याने विचारलं, "तुमच्या परीक्षेत रागावर काही असतं का हो?"

"असतं ना. टीममधलं कुणी चुकलं तर चारचौघांत बोलायचं नाही. त्याला एकट्याला बाजूला घेऊन शांतपणे बोलायचं."

पलीकडे गाय हंबरली. मग... "मला कधी घेताय बाजूला?"

तिने फोन कट केला. आरशात पाहिलं तर ओठांवर हसू! त्या हसण्याचाही तिला भयंकर राग आला.

दुसऱ्या खेपेला तिने घराची भानगडच ठेवली नाही. पुण्याच्या केंद्रात जाऊन परीक्षा दिली — आणि तिथल्या तिथे पास झाली. ही बातमी फोनवर सांगायची नाही, समोर उभं राहून सांगायची, असं तिने एसटीतच ठरवलं. खिडकीतून वारा येत होता, आणि ती आपल्याशीच हसत होती.

घरी मामा बसले होते.

"घोडेगावचा नकार आलाय," ते म्हणाले. "पोराने स्वतः कळवलं. एवढी तोंडाळ पोरगी कोण करून घेईल?"

संस्कृतीच्या कानांतून वाफा निघाल्या. सकाळी तिने स्कुटी काढली ती थेट घोडेगाव गाठलं. बाजाराचा दिवस. धूळ, शेणाचा वास, गाई-म्हशींच्या रांगा, उपरण्याखाली बोटं धरून, बोटांच्या खुणांनीच चाललेले सौदे. अजिनाथ एका म्हशीच्या खुराशी वाकला होता, आणि राहीबाई नावाची म्हातारी म्हशीचं दावं धरून उभी होती.

"तुम्ही मला नकार दिलात?"

तो दचकून उभा राहिला. बोटं औषधाने जांभळी झालेली. "इथे कशा तुम्ही?... ऐका. मामा म्हणाले, होकार द्या, पंधरवड्यात लग्न उरकू, परीक्षेचं खूळ बंद. मी हो म्हणालो असतो तर तुमची परीक्षा..."

"मला विचारलंत?"

"तुमच्या भल्यासाठीच..."

"मामाही हेच म्हणतात! त्यांनी कार्यक्रम परस्पर ठरवला, तुम्ही नकार परस्पर दिलात. रोज फोनवर बोलत होतात ना? मग हे सांगायला काय झालं होतं? माझ्या आयुष्याचा निर्णय मला सोडून सगळे घेणार?"

शेजारचे सौदे थांबले. अजिनाथची मान खाली गेली.

"चुकलो," तो म्हणाला. "खरं सांगू? तुम्हाला विचारायची भीती वाटत होती. तुम्ही नाही म्हणाला असता, तर संध्याकाळचा फोनही बंद झाला असता. परीक्षा होईपर्यंत तरी तो हवा होता मला."

"परीक्षा झाली. पास झाले मी."

त्याचा चेहरा असा उजळला, की ती पुढचं बोलणं विसरलीच. पण क्षणभरच.

"आता तरी विचाराल?"

"इथे? एवढ्या लोकांत?"

"इथेच!"

त्याने घसा खाकरला. "संस्कृती... माझ्याशी लग्न कराल?"

तिला खूप काही बोलायचं होतं — नोकरी सोडणार नाही, मामांशी मीच बोलेन, आणि पुन्हा असं वागलात तर... पण डोळे उगाच भरून आले, त्याचाही राग.

"अगं बाई," राहीबाई वैतागली, "व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन, पर डागदरला मोकळं कर. माजी म्हैस लई येळ तीन पायांवर उभी हाय!"

"व्हय!" संस्कृती एवढ्यांदा ओरडली की दोन व्यापाऱ्यांची बोटं उपरण्याबाहेर आली. "व्हय, व्हय, व्हय!"

बाजार हसला. अजिनाथ कानापर्यंत लाल होऊन पुन्हा खुराशी वाकला. संस्कृतीने ओढणी खोचली, राहीबाईच्या हातातलं दावं आपल्या हातात घेतलं, आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून उरलेलं सगळं सुनावायला सुरुवात केली.