धुळीच्या पट्ट्यातला दिवा

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा तिच्या हातात तीन माणसांचे दात होते.

म्हणजे कवळ्या हो! चौथ्या मजल्यावर कवळ्या बनवायची लॅब होती आणि ती गेली सहा वर्षं तिथे मेणात एकेक दात बसवत होती. खालच्या दवाखान्यातून दुरुस्तीला आलेल्या तीन कवळ्या घेऊन ती वर निघाली होती, आणि मध्येच हे. घंटा दाबून झाली, दार बडवून झालं. शेवटी वरून वॉचमन ओरडला, "ताई, मेकॅनिकला फोन केलाय! येतोय म्हणाला!"

"येतोय म्हणाला? मग झालंच," ती पुटपुटली.

'येतोय' म्हणणाऱ्या माणसांवरचा तिचा विश्वास वर्षभरापूर्वी पार उडाला होता. ती खाली फरशीवर बसली, ट्रे मांडीवर ठेवला आणि फोन काढला. 'दूरतारा' नावाचा एक ऑनलाइन खेळ होता. प्रत्येकाचं एक यान, भोवती न संपणारं अवकाश. शहरातल्या खेळाडूंचं एक पानही होतं. तिथे नुकताच कुणीतरी प्रश्न टाकला होता.

"नवीन खेळाडू आहे. आपल्या शहरातलं कुणी सोबतीला मिळेल का? माझं यान सुरू होतं, पण थांबतच नाही. कृपया सांगा."

तिला हसू आलं. एरवी ती नवख्यांच्या वाटेला जात नसे, पण आज वेळच वेळ होता. तिने लिहिलं, "यानाला ब्रेक नसतात. उलटं फिरवा आणि इंजिन लावा. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. अर्धी टाकी जायला, अर्धी टाकी यायला. — कवळी."

लगेच उत्तर आलं. "फार उपकार झाले! बाकीचं मागाहून विचारतो. एका लिफ्टमध्ये कुणी बाई अडकल्यात, त्यांना आधी काढतो."

तिने ते दोनदा वाचलं. मग टाइप केलं, "त्या बाईंना घाम फुटलाय. लवकर या."

दहा मिनिटांनी वरची फट उघडली आणि एक उलटा चेहरा आत डोकावला. कपाळावर ग्रीस, तोंडात टॉर्च. त्याने टॉर्च हातात घेतला.

"तुम्ही... कवळी?"

"या तीनही माझ्याच," तिने ट्रे वर धरला. "आधी ह्यांना घ्या, मग मला."

"घाबरू नका हं, येतोय मी—"

"आलात की! अजून किती येणार?"

तो हसला, आणि त्या हसण्यात काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. हसू डोळ्यांपर्यंत पोचायच्या आतच परत फिरत होतं. त्याने हात दिला. वर आल्यावर तिने हात सोडायला जरा उशीर केला, की त्याने... कोण जाणे.

त्या दिवसापासून ती जिन्याने ये-जा करायला लागली. आणि दर रविवारी दुपारी तो खेळ शिकायला तिच्या लॅबमध्ये यायला लागला.

रविवारी लॅब बंद असायची, किल्ली तिच्याकडे. प्लास्टरची पांढरी धूळ झटकून ती टेबलावर दोन लॅपटॉप मांडायची. बाहेर आभाळ महिनाभर तसंच राखाडी, ना धड पाऊस, ना धड ऊन. मांडणीवर ओळीने कवळ्या. तो पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "हे सगळे माझ्यावर हसतायत."

"तुमचं यान बघून हसतायत. ते डावीकडे घ्या, डावीकडे! अहो, तुमची डावी बाजू कुठली?"

"आम्हा लिफ्टवाल्यांना वर आणि खाली एवढंच कळतं."

"मग नशीब माझं."

"ते तर मी कधीचं म्हणतोय," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, आणि कानाची पाळी मात्र लाल झाली.

शिकायची त्याला विलक्षण घाई होती. बाकीचे नवखे आधी सोनंनाणं शोधतात, यान रंगवतात. ह्याचं एकच टुमणं, धुळीच्या पट्ट्यापर्यंत जायचंय, तेही बारा तारखेच्या आत.

धुळीचा पट्टा! बारा तारीख!

"तिथे काय ठेवलंय? कुणी जात नाही तिथे," ती म्हणाली.

"बघायचंय."

"मी नाही येणार."

"का?"

तिने हातातला मेणाचा गोळा चेपला, पुन्हा चेपला. आणि मग सांगून टाकलं. घरी आईलासुद्धा न सांगितलेलं सगळं त्या लिफ्टवाल्याला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडच्यांनी कारणसुद्धा दिलं नाही. आईला त्रास नको म्हणून घरात ती तोंड मिटून राहिली, पण ह्या खेळात तिला एक मैत्रीण भेटली होती, मुंगी. ह्याच शहरातली. तेव्हा तिचं स्वतःचं खेळातलं नाव होतं दातकोरणी. मुंगीला ती रोज सगळं सांगायची. मुंगी चिडवायची, हसवायची, "बरं झालं सुटलीस" म्हणायची. भेटू म्हटलं की मात्र टाळायची. आणि गेल्या वर्षी, बारा तारखेच्या रविवारी, दातकोरणीच्या यानाचं इंधन धुळीच्या पट्ट्यात संपलं. मुंगीने लिहिलं, "हलू नकोस. येतेय."

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले. जागची उठले नाही," ती म्हणाली. "यानातली हवा संपली. यान गेलं, तीन वर्षांची कमाई गेली. त्याचं काही नाही हो, ते खेळातलं. पण ती आली नाही. त्यानंतर एक अक्षर नाही. मी अकरा निरोप पाठवले! माझं सगळं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. कंटाळली असेल रडगाण्याला. लग्नवाल्यांनी तरी काय वेगळं केलं? जो मला नीट ओळखतो, तो निघून जातो. अशी कशी असतात माणसं? मेलीचं तोंडसुद्धा पाहणार नाही मी!"

तिने मान वर केली. लिफ्टवाल्याचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"काही नाही. मी... निघतो आज."

आणि तो गेला. जिन्यावरून त्याची पावलं भराभर उतरत गेली. झालं! आणखी एक, तिला वाटलं. कशाला बोलले मी? किती वेळा पोळायचं माणसाने? तिने त्याचा कप विसळला, उपडा घातला आणि ठरवलं की पुढच्या रविवारी किल्ली आणायचीच नाही.

आठवडाभर त्याचा एक शब्द नाही. आई म्हणाली, "जेवतेस का नुसतं चिवडतेस?" ती म्हणाली, "दात दुखतोय." कवळ्या बनवणारीच्या तोंडी हे कारण! आई काय ते समजली.

रविवारी दहा तारीख होती. किल्ली न्यायची नाही म्हणता म्हणता ती लॅबपाशी पोचली, तर तो दाराबाहेर पायरीवर बसलेला. दाढी वाढलेली, मांडीवर लॅपटॉप.

"तुम्ही नाही आलात तरी मी जाणार आहे," तो म्हणाला. "आलात तर... बरं होईल. एकट्याने जायची हिंमत नाही माझ्यात."

असं म्हटल्यावर काय करणार? तिने कुलूप उघडलं.

तीन तास यानं शेजारी शेजारी चालली. मग पडद्यावर करड्या धुळीचे लोट सुरू झाले. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर आकडे होते, थरथरत्या अक्षरातले. तो त्या आकड्यांप्रमाणे यान वळवत गेला, आणि धुळीत दूरवर एक पिवळा ठिपका दिसला.

ते एक यान होतं. छोटंसं, काळं, पुढच्या बाजूला दोन वाकड्या मिशा रंगवलेल्या. टपावर दिवा जळत होता.

ती खुर्चीवरून उठलीच. "हे मुंगीचं यान आहे!"

"हो."

"तुम्हाला काय माहीत?"

"ती माझी ताई होती," तो म्हणाला.

'होती' हा शब्द तिला कळायला थोडा वेळ लागला.

"शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावरच होती. रक्ताचा आजार. म्हणून भेटायला टाळायची, तुमच्यापुढे तिला आजारी व्हायचं नव्हतं. त्या रविवारी हॉस्पिटलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. दुपारी अचानक बिघडलं, तिला आत नेलं. जाताना हा कागद माझ्या हातात कोंबला. म्हणाली, यान वाटेतच आहे, बघ. मला तेव्हा काय कळतंय खेळातलं! नऊ दिवसांनी ती गेली. मग मागच्या महिन्यात वाचलं, वर्षभर कुणी हात न लावलेलं यान पुसून टाकतात. परवा पुसतील. त्याआधी एकदा बघावं म्हणून..."

"आणि मी इथे बसून तिला शिव्या घातल्या! तू ऐकून घेतल्यास!" तिचा आवाज चिरकला. अहो-जाहो कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस, तोंड पाहणार नाही. माझं तोंड तिच्यासारखंच आहे," तो म्हणाला. "घाबरलो गं. सांगितलं असतं तर तू दार लावून घेतलं असतंस. आणि मला आता... तू रविवारी नसलीस तर चालत नाही."

तिने यान मुंगीच्या यानाला नेऊन चिकटवलं आणि आतली नोंदवही उघडली. शेवटची ओळ तशीच होती.

"दातकोरणीकडे निघाले. दोन टाक्या सोबत. दिवा चालू ठेवलाय, लांबून दिसेल म्हणजे घाबरणार नाही वेडी."

मग ती रडली. वर्षभराचं सगळं रडली, कवळ्यांच्या देखत, नाक पुसायला प्लास्टरचं फडकं घेऊन. मुंगी येत होती. अर्ध्या वाटेवर होती. कुणी पाठ फिरवली नव्हती. तो शेजारी उभा राहिला, हात तिच्या खांद्याजवळ आणून, टेकवायचं धाडस न होऊन. शेवटी तिनेच तो हात ओढून घेतला.

बऱ्याच वेळाने तिची नजर त्याच्या पडद्यावर गेली.

"अरे, तुझी टाकी रिकामी आहे!"

"हो."

"अर्धी जायला, अर्धी यायला! पहिल्या दिवशी सांगितलं होतं!"

"परत यायचा विचारच केला नव्हता," तो कसंनुसं म्हणाला. "वाटलं, राहील माझंही यान इथेच, तिच्याजवळ."

"शहाणाच आहेस. तिच्या दोन टाक्या आहेत ना."

"त्या काढल्या तर दिवा विझेल." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "दोन दिवस तरी जळू दे गं."

तिचाही जीव तुटत होता. पण डोळे पुसून ती म्हणाली, "त्या टाक्या तिने माझ्यासाठी आणल्या होत्या. म्हणजे माझ्या. कुणाला द्यायच्या ते मी ठरवणार. अडकलेल्याला सोडून जायला ती निघाली नव्हती."

त्याने मान डोलावली.

इंधन त्याच्या यानात उतरायला चार मिनिटं लागली. पिवळा दिवा आधी मंद झाला, मग विझला. धुळीत काळं यान दिसेनासं झालं. दोघांनी यानं वळवली आणि परतीची वाट धरली.

पाच वाजले होते. बाहेरचं आभाळ अजून तसंच होतं. ती लॅपटॉप मिटत होती तेव्हा तो म्हणाला, "आई अजून विचारते. कुणाकडे निघाली होती रे ही पोर, शेवटी शेवटी? मला सांगता येत नाही."

"मी सांगते. आत्ता जाऊ?"

"आत्ता?"

"मग कधी? वर्षभर उशीर झालाय."

तिने लॅबला कुलूप लावलं. तो सवयीने जिन्याकडे वळला. ती मात्र लिफ्टपाशी थांबली आणि तिने बटण दाबलं.

"अगं, मधेच अडकली तर?"

"अडकू दे," ती म्हणाली. "येतो म्हटलं की यायची रीत आहे तुमच्या घराण्यात."