गोठ्यातली गुरं

हल्ला सुरू झाल्यापासून त्याला उत्तर जाईपर्यंत आता पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे. तरीही तेवढ्या अवधीत वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय उत्तर देता येत नसे. कायदाच तसा होता. परकी यंत्रं आपल्या धरणांच्या, रुग्णालयांच्या, रेल्वेच्या संगणकांत घुसत. त्यांना परतवताना आपल्या यंत्रांनी तिकडचं काय काय बंद पाडावं याला मर्यादा हवी आणि ती माणसाच्या विवेकाने घातलेली हवी, असा आग्रह धरून ज्या वकील बाईंनी हा कायदा करायला लावला, त्या हेमलता खानोलकर यांना जाऊन सहा महिने झाले होते. सल्ला मात्र अजून त्याच देत होत्या.

त्यांची मुलगी ऋजुता टेकडीवरच्या केंद्रात पोचली तेव्हा भर दुपार होती. फाटकावर तिचा फोन, घड्याळ, कानातल्या कुड्यासुद्धा काढून ठेवायला लावल्या. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. यंत्रं तापू नयेत म्हणून केलेला गारवा भिंतींतून झिरपल्यासारखा अंगाला लागत होता.

"शाल आणा म्हणून निरोप द्यायला हवा होता, ताई," डॉ. झुबेर मुकादम म्हणाले. रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, बोलताना चष्मा पुसत राहणारे गृहस्थ. आईच्या जागी आता सल्ला देणारं यंत्र, तिची सल्लाछाया, त्यांनीच घडवलं होतं. "बाई आठवणीने आणायच्या. या खोलीला त्या शवागार म्हणाय..." ते मध्येच थांबले. "माफ करा."

"असू दे. आईच्याच तोंडचं आहे ते."

त्यांनी चहा मागवला आणि ज्या कामासाठी तिला नागपूरहून बोलावलं होतं ते सांगितलं. सल्लाछाया वापरायला बाईंनी स्वतः संमती दिली होती, पण ती त्यांच्या हयातीपुरती आणि नंतरच्या सहा महिन्यांपुरती. पुढच्या वापरासाठी वारसाचा होकार लागत होता.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर छाया पुसावी लागेल. सगळी. आवाजासकट."

ऋजुताने कप दोन्ही हातांत धरला. आईचा आवाज तिच्याकडे फारसा नव्हताच. गुप्ततेच्या शपथेमुळे आईने घरात कधी काही साठवू दिलं नव्हतं.

"पण ही छाया म्हणजे आईची नक्कलच ना?" तिने विचारलं. "मी कॉलेजात भूगोल शिकवते, डॉक्टर. मला कळेल असं सांगा."

"नक्कल करणारा बाईंसारखं बोलून दाखवेल. पण बाईंसमोर कधीच न आलेलं प्रकरण त्याच्यापुढे ठेवलं, तर गडबडेल. छाया गडबडत नाही. बाईंनी आयुष्यभर दिलेले सल्ले तिने वाचले, पण ती खरी शिकली बाई मोठ्याने विचार करायच्या ते ऐकून. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कशा जायच्या, कुठे अडखळायच्या, कशाला घाबरायच्या. शेवटचे आठ महिने त्यांच्या उशाशी एक पांढरी डबी असायची, आठवते?"

आठवत होती. औषधांच्या बाटल्यांमध्ये ठेवलेली, मिणमिणत्या दिव्याची.

"त्यांनीच मागून घेतली होती. मला म्हणाल्या, मुकादम, तुमचं यंत्र म्हणजे असं अशील आहे, ज्याला कधी घाम फुटत नाही. मी आहे तोवर त्याला थोडा घाम शिकवते."

ऋजुताला हसू आलं. तिने चहाचा घोट घेतला.

"गेल्या आठवड्यात समुद्रापलीकडच्या एका शहरात अंधार झाला," ती म्हणाली. "इस्पितळांतली यंत्रं बंद पडली. माणसं गेली. आपल्याकडून झालं, असं लोक बोलतात."

मुकादमांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "त्या दिवशी आपल्या चार धरणांचे दरवाजे उघडण्याचा प्रयत्न झाला, ताई. खाली किती गावं आहेत तुम्हाला ठाऊक आहे. हल्ला त्या शहराच्या वीजकेंद्रातून येत होता. करणारे तिसरेच होते, तिथे लपून बसलेले. वीजकेंद्र बंद पाडलं आणि हल्ला थांबला."

"आईने हो म्हटलं?"

"छायेने सल्ला दिला."

"मला ऐकायचाय."

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, वारसाला तो हक्क आहे. छाया तो विचार डोळ्याला दिसणारही नाही अशा वेगाने करते, पण तोच बोलण्याच्या गतीने पुन्हा करून दाखवता येतो. त्यांनी कळ दाबली.

"समजा," हेमलता खानोलकर म्हणाल्या.

ऋजुताच्या हातातला कप बशीवर वाजला. आवाज शेवटच्या दिवसांतला होता, प्रत्येक वाक्याआधी श्वास गोळा करणारा.

"समजा, शेजाऱ्याच्या गोठ्यातून आपल्या गंजीवर जळते बोळे येताहेत. फेकणारा शेजारी नव्हे. कोणी तिऱ्हाईत आत लपलाय. गोठ्याला बाहेरून आग लावली, तर बोळे थांबतील. आपल्या गंजीच्या पलीकडे आपली घरं आहेत, घरात मुलं आहेत. माझं म्हणणं, लावावी. आपल्या मुलांआधी दुसऱ्याचा विचार करणारा राखणदार काय कामाचा? गोठ्यात गुरं आहेत, हे मला मान्य आहे. पण ती आपण बांधलेली नाहीत."

मग श्वास.

"न्यायमूर्ती, काय म्हणणं?"

ऋजुताने तो प्रश्न ओळखला. हा त्यांच्या स्वयंपाकघरातला खेळ होता. कामातलं अवाक्षर घरी काढायचं नाही, म्हणून आई देशांच्या भांडणांच्या विहिरी, कुंपणं आणि गुरं करून टाकायची. भाकऱ्या थापता थापता ती सगळ्यात कठोर बाजू मांडायची, ती पटल्यासारखी, अगदी तावातावाने. आणि ओट्यावर न्यायमूर्ती होऊन बसलेली नऊ वर्षांची ऋजुता हातातली पळी डब्यावर आपटून ओरडायची, "नामंजूर!" का, ते तिला नेहमी सांगता यायचं नाही. आई खोदून खोदून विचारायची. दुसऱ्या दिवशी दिल्लीला जो सल्ला जायचा, तो त्या नकारातून निघालेला असायचा. हे आईने तिला फार उशिरा सांगितलं होतं.

"तिला उत्तर देता येतं का?" ऋजुताने विचारलं.

"इथे येतं. हा नुसता सराव आहे."

ती पुढे झुकली. "नामंजूर. गुरं बांधलेली आहेत, आई. त्यांना पळता येणार नाही."

"हं." आवाजात समाधान होतं. "कोणीतरी हे म्हणेल याची वाट बघत होते. मग गोठ्याला हात नको. बोळे येतात त्या फटीपुढे ओलं गोणपाट धरू. आपले हात भाजतील, पण भाजू देत."

मुकादम पडद्याकडे बघत राहिले. या नव्या सल्ल्याने धरणांचं काय झालं असतं, ते त्यावर उमटलं होतं. दरवाजे उघडले नसते. आपल्याकडचं एक वीजकेंद्र आठवडाभर बंद ठेवावं लागलं असतं, एवढंच.

"आग लावावी हे तिचं म्हणणं नव्हतंच," ऋजुता म्हणाली. "ते निम्मंच होतं. ती नकाराची वाट बघत बोलायची. डॉक्टर, गेल्या आठवड्यात तिने विचारलं तेव्हा गप्प बसलात का सगळे?"

"त्यांचं ते 'काय म्हणणं?' आम्हाला आधी कोर्टातली लकब वाटली. कापून टाकली, तर सल्ले विस्कटायला लागले. ठेवली, तर छाया तिथेच थांबून राहायची. उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकायचीच नाही. माणूस बसवावा, तर त्याने तोंड उघडेपर्यंत धरण फुटलेलं." त्यांचा आवाज खाली गेला. "त्या डबीत फक्त बाईंचा आवाज नव्हता, ताई. त्या विचारायच्या आणि कोणीतरी उत्तर द्यायचं. आठ महिने."

ते कोणीतरी कोण, हे ऋजुताला कळलं.

त्या आठ महिन्यांत आईला धाप लागायची. दोन वाक्यांत ओठ निळे पडायचे. तरी दुपारी, पहाटे, औषधाच्या गुंगीत, ती विहिरी आणि गोठे मांडत राहायची आणि शेवटी मान वळवून विचारायची. ऋजुताने एकदाच वाद घातला होता. त्या दिवशी प्राणवायूचा नळ लावावा लागला. त्यानंतर आईने काहीही मांडलं, तरी तिचं उत्तर एकच असायचं.

"तुम्ही माझी छाया केलीत," ती म्हणाली.

"लहानशी. एवढ्या एकाच प्रश्नापुरती."

"मी तिला झोपवत होते, मुकादम! मी ऐकतसुद्धा नव्हते ती काय म्हणतेय ते!"

"आम्हाला ते कसं कळावं? आम्हाला वाटलं, तुमचं दोघींचं एकमत असायचं." ते खरंच कासावीस झाले होते. "आणि ताई, धरणं वाचली. खालच्या गावांत माझी बहीण राहते."

ऋजुता उठली. आईचा आवाज पुसला जाईल, याच्या दुःखाला आता सवडच नव्हती. तो आवाज ज्या कोणाला विचारत होता, त्याच्या तोंडात तिचा स्वतःचा आवाज होता. दर क्षणाला, जगात कुठेही.

"माझा नकार आहे," ती म्हणाली. "आईच्या छायेला आणि माझ्याही. आत्ता नोंदवा. दोन्ही पुसा."

मुकादमांनी नकार नोंदवला. बोट कळेवरून उचललं नाही.

"काय झालं?"

"छाया पुसणं म्हणजे देशाची तटबंदी उतरवणं, आणि त्यालाही कायद्याचा सल्ला लागतो. बाईंनीच घातलेलं कलम आहे. कोणा मंत्र्याने रागाच्या भरात ती उतरवू नये म्हणून." त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "तो सल्ला कोण देतं, तुम्हाला ठाऊक आहे. ताई, तुम्ही ऐकू नका. मी वर बोलतो, महिना-दोन महिन्यांत काही..."

"ऐकवा."

पडद्यावर निकाल केव्हाच उमटला होता. त्यांनी कळ सोडली, आणि होऊन गेलेला विचार बोलण्याच्या गतीने सुरू झाला.

"समजा, घराच्या राखणीला एक कुत्रा आहे," आई म्हणाली. श्वास. "चुकीच्या माणसाला चावला. मालकाची मुलगी म्हणते, मारून टाका त्याला. तिचा जीव तळमळतोय, खरं आहे. पण कुंपणापलीकडे चोर उभे आहेत. माझं म्हणणं, मुलीचं ऐकू नये. कुत्रा असू द्यावा."

ऋजुता पडद्याजवळ गेली. "नामंजूर!" ती ओरडली. "आई, नामंजूर!"

"आता नाही ऐकू जायचं," मुकादम हळूच म्हणाले. "हे होऊन गेलंय."

"न्यायमूर्ती," आईने विचारलं, "काय म्हणणं?"

उत्तर लगेच आलं. थकलेलं, मायेने ओथंबलेलं, कोणालाही धीर वाटावा असं. त्यामागे पांघरूण सारखं केल्याची सळसळसुद्धा होती. ती कोणी कापली नव्हती.

"मंजूर, आई. आता झोप."