पालथा पेपर

दुपारची जेवणं उरकली की मी घरातच परीक्षेचा वर्ग मांडायचो. धाकट्या लेकीला मेडिकलच्या प्रवेशाची अभियोग्यता चाचणी द्यायची होती. आकृत्या, तर्क, आकडेमोड, आणि वेळ मात्र अपुरा. खिडक्या लावायच्या, बोलायचं नाही, ज्याचं आधी होईल त्याने पेपर पालथा घालायचा. हा नियम थोरलीचा. कपाळाला घाईघाईने बाम फासून ती बसायची, तो भुवईलाही लागायचा. आणि नेहमी तिचाच पेपर आधी पालथा पडायचा.

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्या दुपारी सवयीने मी दोन पेपर मांडले. लक्षात आलं तेव्हा धाकटी लिहायला लागली होती. दुसरा उचलायला माझा हात धजेना.

हळूहळू बामाचा वास आला. वारा नव्हता, तरी रिकाम्या खुर्चीपुढचा कागद सरकला... उचलला गेला... पालथा पडला.

धाकटीची पेन्सिल थांबली ती थांबलीच. पुढचे सगळे प्रश्न कोरे राहिले.

हे कळल्यावर माझी बहीण म्हणाली, "दादा, आता तरी सोड हे खूळ. एक लेक गेली, तेवढं पुरे नाही का?"

"आत्या, डॉक्टर मला व्हायचंय, बाबांना नाही," धाकटी म्हणाली. "बाबा, उद्याही ताईचा पेपर मांडा."

"अगं, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. पण जिवंत होती तेव्हाही ती मला अशीच घाबरवायची. तेव्हा खपवून घेतलं. आता नाही."

मी रोज मांडत गेलो. रोज तिकडचा कागद आधी पालथा पडायचा. धाकटी दातओठ खात लिहीत राहायची, तरी शेवटचे काही प्रश्न राहायचेच.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकापाशी उभा होतो. ती आली. चेहरा पांढराफटक, मान ताठ.

"सगळे सोडवले."

"आणि..."

"शेजारची मुलगी आलीच नव्हती. तिचा पेपर बाकावर तसाच होता. शेवटी शेवटी त्याचा कोपरा उचलला जायला लागला, बाबा... मी माझा आधी पालथा घातला."

मी तिला जवळ घेतलं, आणि तो वास आला.

"बाम कुठून आणलास?"

"कसला बाम?"

मी तिच्या कपाळाला बोट लावून पाहिलं. ताजा होता. भुवईलाही फासलेला.