ब्यूटी वर्ल्डवरून गेलेली रेष

"आई, कोण तो शहाणा रेष ओढणारा, एकदा माझ्यासमोर येऊ दे! नकाशावर पट्टी ठेवली, सर्रकन रेघ मारली, झालं! मुलं म्हणजे काय कांद्याच्या गोण्या आहेत, ह्या इकडे टाका, त्या तिकडे टाका?"

भर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फोन कानाला लावून मी घसा मोकळा सोडला होता. सिंगापूरच्या आम्हा मराठी माणसांची ही खोडच आहे. डब्यात चिनी, मलय, तमिळ चेहरे दिसले की घरातली भांडणं बिनधास्त चव्हाट्यावर मांडायची. कुणाला कळतंय इथे मराठी!

"माठ असणार तो माठ!" असं म्हणून मी फोन ठेवला.

"पट्टी नाही वापरत मी," शेजारी बसलेला तरुण म्हणाला. अगदी शांतपणे. शुद्ध मराठीत. "लॅपटॉपवर ओढतो. आणि अजून ओढलेली नाही... त्याआधीच माठ ठरलो."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण आम्ही आधीच जमिनीखालून चाललो होतो. त्याच्या गालावर बारीकशी खळी पडली होती आणि तो हसू दाबत होता, याचा मला भयंकर राग आला.

"तुम्हाला मराठी येतं तर आधी सांगायचं नाही?"

"मध्ये बोलायला जागाच कुठे होती?"

त्याचं नाव रत्नदीप. नागपूरचा. इथल्या युनिव्हर्सिटीत वाहतुकीवर संशोधन करायचा, आणि आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या कमिटीने त्याला हद्द आखायचं काम दिलं होतं.

त्या हद्दीवर माझा जीव टांगला होता. शाळेची केंद्रं दोन. एक लिटिल इंडियाजवळ, मोठं, मुलांनी नुसतं ओसंडून वाहणारं. दुसरं आमचं, बुकित पंजांगचं, आणि तिथली एकमेव शिक्षिका म्हणजे मी, अनुया. आठवडाभर तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात डोकं पिकवायचं आणि रविवारी मुलांना मराठी शिकवायचं, यात माझा सगळा आनंद होता. पण मुलं इतकी थोडी, की कमिटी केंद्र बंद करायच्या गोष्टी बोलायला लागली होती. शेवटी ठरलं, की दोन्हींच्या मध्ये हद्द घालायची, अलीकडची मुलं आमची, पलीकडची त्यांची. दोन्ही केंद्रं एमआरटीच्या एकाच निळ्या लाइनवर, तेव्हा प्रश्न एवढाच होता की ती कुठल्या स्टेशनाशी कापायची. मधलं ब्यूटी वर्ल्ड स्टेशन आमच्या बाजूला आलं तर वर्ग भरेल. नाही आलं तर कुलूप.

"येऊन बघा एकदा आमचा वर्ग," मी तावातावाने म्हणाले. "मग ओढा काय ओढायची ती रेष."

"येतो की," तो म्हणाला. "रविवारी?"

आणि खरंच आला! शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसला. मी फळ्यावर 'केळं' लिहीत होते, तर खडूच मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. सहा वर्षांची अंजली, माझी सगळ्यात आगाऊ विद्यार्थिनी, एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"टीचर, धिस वन युअर बॉयफ्रेंड, इज इट?"

"अंजली! मराठीत बोल!" म्हणजे अगदी नको तेच मी बोलून बसले.

"नॉट येट, ला," मागून रत्नदीप अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाला. वर्ग खिदळला. माझे कान इतके तापले की काय सांगू.

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. म्हणे, मुलांना घरापासून वर्गापर्यंत चालायला किती त्रास होतो ते बघायचंय.

"मग एकटे चाला ना. मी कशाला?"

"मी लांब ढांगा टाकतो. मोजमाप चुकेल. लहान मुलाच्या चालीने चालायचं तर कुणीतरी आवरायला हवं."

म्हणून आम्ही सहा वर्षांच्या मुलाच्या चालीने चालायचो. उंच इमारतींच्या खालून, छपराच्या वाटेने, सिग्नलशी थांबत... अगदी हळू. एका दुपारी हा हा म्हणता आभाळ फुटलं. छप्पर संपत होतं तिथे माझी छत्री उघडली, ती एकटीपुरती. त्याचा डावा खांदा भिजत होता आणि माझा उजवा त्याच्या दंडाला लागत होता. ओल्या शर्टाचा, साबणाचा वास. दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.

"अनुया..." तो म्हणाला. तोवर आम्ही 'तू'वर आलो होतो. "ब्यूटी वर्ल्ड तुझ्या बाजूला येतंय. मी सगळीकडून तपासलं. तिथल्या मुलांना इकडेच सोयीचं आहे."

"खरंच?"

"खरंच."

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेही. समोरून येणारी एक आजी दचकून बाजूला झाली. त्या रात्री मला झोप लागेना. वर्ग वाचला म्हणून, की त्याने 'तुझ्या बाजूला' म्हटलं म्हणून, हे माझं मलाच उमगेना.

आणि मग शाळेच्या ग्रुपवर नकाशा आला.

मी तो बोटांनी मोठा केला, पुन्हा मोठा केला. रेष अलीकडे सरकली होती. अख्खं ब्यूटी वर्ल्ड पलीकडे, लिटिल इंडियाच्या बाजूला! खाली नाव रत्नदीपचंच.

हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, त्याला गाठलं तेव्हा त्याच्यासमोरची कोपी, म्हणजे इथली कॉफी, गार झाली होती.

"सुलेखाताईंनी सांगितलं," तो खाली बघत म्हणाला. "गुढीपाडव्याचं नाटक त्या बसवतात. त्यातले सगळे मावळे त्यांच्याच काँडोच्या इमारतींत राहतात, ब्यूटी वर्ल्डला. ते तुझ्याकडे आले तर तालमी कुठे करायच्या, म्हणाल्या."

सुलेखाताई म्हणजे शाळेच्या अध्यक्ष. शिवाय रत्नदीप राहायचा तोही त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी समजून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतेच.

"मावळ्यांसाठी माझा वर्ग बंद करायचा? आणि तू हो म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"तेच तर! काहीच म्हणाला नाहीस!"

"अनुया, इथे आलो तेव्हा मला डेंगी झाला होता. माझं इथे कुणी नव्हतं. ताईंनी उशाशी बसून पेज भरवली. त्यांना तोंडावर नाही म्हणायला... मला जमत नाही गं."

"मग माझ्यासोबत इतके रविवार कशाला चाललास?"

मी तरातरा निघून आले. एलआरटीत, आमच्या भागात गोल फिरणाऱ्या छोट्या गाडीत, बसले आणि तंद्रीत एक अख्खी फेरी फिरून पुन्हा होते तिथेच आले.

पुढचे दिवस नुसती घालमेल. यार्डात एका जहाजाचं ड्रॉइंग दुसऱ्यालाच पाठवलं आणि बोलणी खाल्ली. फोन पालथा ठेवायचा, पुन्हा सुलटा करायचा. त्याचा मेसेज आला की उघडायचा नाही, नाही आला की चडफडायचं. "एका जागी बस बाई, मला गरगरायला होतंय," घरी आई म्हणायची. बसवतच नव्हतं. राग होता, तो होताच, पण त्याच्याशिवायचा रविवार मला खायला उठायचा, हे जास्त वाईट होतं.

शाळेच्या वार्षिक सभेचा दिवस उजाडला. आमच्या सभेची एक रीत आहे. अध्यक्ष ठराव वाचतात, "सर्वांना मान्य?" विचारतात, लोक टाळ्या वाजवतात आणि इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं लिहिलं जातं. मग बटाटेवडे. विरोधात हात वर करणं म्हणजे वड्यांच्या आड येणं. ते पाप आजवर कुणी केलं नव्हतं.

"नवी हद्द सर्वांना मान्य?" सुलेखाताईंनी विचारलं.

मी उभी राहिले. "मला मान्य नाही. ब्यूटी वर्ल्ड बुकित पंजांगच्या बाजूला असावं, अशी माझी दुरुस्ती आहे."

एसीतही माझ्या मानेवर घाम आला.

"अनुया, दुरुस्तीला अनुमोदक लागतो," ताई गोड आवाजात म्हणाल्या. "कुणी दुसऱ्याने पाठिंबा द्यावा लागतो, नाहीतर ती चर्चेलाच येत नाही. आहे कुणी?"

कुणी नव्हतं. एरवी मला 'टीचर, टीचर' करणारे पालक आपापल्या फोनमध्ये डोकं खुपसून बसले. बंद होणार माझा वर्ग. अंजली पुन्हा कधी मराठी बोलणार नाही. डोळे भरून आले आणि मी खाली बसायला लागले.

"माझं अनुमोदन."

स्टेजवर नकाशाशेजारी रत्नदीप उभा होता.

"रत्नदीप, खाली बस," ताई हळूच म्हणाल्या. माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

तो बसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हा नकाशा माझा आहे, आणि तो चुकीचा आहे. मला माहीत असून मी तो दिला. बुकित पंजांगचा वर्ग मी बघितलाय. तो बंद व्हावा असं त्यात काहीही नाही. ब्यूटी वर्ल्डच्या मुलांना तो सोयीचाही आहे, आणि त्यांच्या आईवडिलांना आपण विचारलंसुद्धा नाही."

"हो ना!" मधल्या रांगेतून आवाज आला. खुद्द ताईंच्या काँडोतल्या क्षिप्रावहिनी. त्यांचा मुलगा नाटकातला मुख्य मावळा. "आम्हाला जवळच पडेल की ते. तालमी तिकडेही होतील. कुणी विचारलंच नाही बाई!" आणि त्यांनी हात वर केला.

मग दुसरा हात. मग एकदम पुष्कळ. नवऱ्याचा खाली, बायकोचा वर, असेही होते. हात मोजायची वेळ त्या सभेवर कधी आलीच नव्हती. ताईंनी ते दोनदा मोजले, चष्मा काढून पुसला, आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "दुरुस्ती मंजूर." मी रडत रडत हसत होते आणि कुणीतरी माझ्या हातात वडा कोंबला.

बाहेर आले तर रत्नदीप बस स्टॉपवर, एकटाच. समोरून त्याच्या बसेस येत होत्या, जात होत्या.

"घरी जायची हिंमत होत नाहीये," तो म्हणाला.

इतके दिवस साठवलेली भांडणं मी मनात चाळून बघितली. एकही सापडेना. "चल," मी म्हणाले, "मी येते."

वाटेत आम्ही एक अक्षरही बोललो नाही. मी तर चक्क गप्प! लिफ्टमध्ये त्याने माझी बोटं हातात घेतली. त्याची बर्फासारखी गार होती. मी ती घट्ट धरून ठेवली.

दार सुलेखाताईंनीच उघडलं. सभेचीच साडी, डोळे लाल. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या हातांकडे. मी हात सोडवायला गेले. त्याने सोडला नाही.

"भर सभेत माझ्याविरुद्ध उठलास," ताई म्हणाल्या. "मला एवढंच सांग. शाळेसाठी उठलास, की हिच्यासाठी?"

"उठलो शाळेसाठी, ताई," रत्नदीप म्हणाला. "तुम्ही बस म्हणालात... आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकलं नाही... ते हिच्यासाठी. मला ही फार आवडते."

जिन्यात कुणाच्या तरी घरचा टीव्ही ऐकू येत होता. माझ्या तोंडून कसंबसं, पुटपुटत, "मलाही... म्हणजे, मलाही हा..." एवढंच निघालं.

ताईंनी पदराने डोळे टिपले आणि दार पूर्ण उघडलं.

"तालमी रविवारी दहाला. तुझ्या वर्गाची चावी मला हवी," त्या मला म्हणाल्या. "आणि आत या आता दोघं. माझ्या नि ह्याच्यापुरतंच वरण आहे, पाणी घालून वाढवते."