ठोकळा कोणी धरला

आईने दादाला आणि मला मामाच्या गॅरेजमधून ड्रिल मशीन आणायला पाठवलं होतं. मंगळवार, रात्रीचे नऊ. मामा गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतो. येताना दादाच्या स्कूटरचा एका आजोबांना धक्का लागला होता आणि तो थांबला नव्हता. ते त्याने मामाला हसत सांगितलं. "उठले असतील की."

मामाने हातोडी खाली ठेवली. "बस," म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मामाचा एक मित्र याच धंद्यात होता. एका रात्री, अकरा वाजून दहा मिनिटांनी, ठेकेदाराचा बारावीतला मुलगा त्याच्याकडे गाडी घेऊन आला. मडगार्ड चेपलं होतं. कुत्रं आडवं आलं, म्हणाला. बाबांना कळायच्या आत नीट करून द्या. मडगार्डच्या कडेत निळ्या लोकरीचा धागा अडकला होता. कुत्री स्वेटर घालत नाहीत, एवढं मित्राला कळत होतं. तरी त्याने धागा ओढून फेकला आणि गाडीखाली शिरला. पोचा आतून ठोकतात. बाहेरून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा असतो. तो त्या मुलाने धरला.

"दोन तास ठोकत होता," मामा म्हणाला. "आणि त्या गाडीने उडवलेली नर्स रस्त्याकडेच्या खड्ड्यात जिवंत होती. पहाटे गेली. त्या कार्ट्याचा राग येतोच. पण माझा मित्र तर त्याच्या बापाच्या वयाचा. याला एक फोन करता आला नाही?"

वर्षाने त्याच तारखेला, त्याच वेळी, मुलगा परत आला. तोच पोचा. उभ्या गाडीला पडला, म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

मित्र पुन्हा खाली शिरला. "घट्ट धर," त्याने सांगितलं.

ठोकळा घट्ट धरला गेला. फारच घट्ट. हात दुखला का, त्याने विचारलं.

एक घाव. दुसरा.

मग बाहेरून एक घाव आला...

तो बाहेर आला. कोणी नव्हतं. ठोकळा पत्र्याला चिकटून होता. पडत नव्हता.

मुलगा सकाळी सापडला. त्याच खड्ड्यात. पहाटेपर्यंत जिवंत होता म्हणे. कोणी थांबलं नाही.

मामाने टॉर्च घेतली. "कुठे पडलेत ते आजोबा?"

"पाण्याच्या टाकीच्या वळणावर," दादा म्हणाला.

आम्ही तिघे गेलो. आजोबा कठड्याला टेकून बसले होते. दादाने मान खाली घालून माफी मागितली. आजोबांनी आधी त्याचा उद्धार केला, मग आमच्या मागे पाहिलं.

"ती बाई कुठे गेली? माझ्यापाशीच बसली होती. म्हणाली, दहापर्यंत वाट बघू. नाही आला, तर मी जाते त्याच्याकडे."

मामाने टॉर्च त्यांच्या हातावर धरली. खरचटलेल्या कोपराभोवती निळी लोकर गुंडाळली होती. नीट, दवाखान्यात पट्टी बांधतात तशी.