उपाशी रजई

गाडी गेली तशीच भरलेली परत आली आणि गोदाबाईंच्या दारात उभी राहिली.

"गोदामाय, बाहेर या," गाडीवान किसनराव ओरडला. "पूरवाल्यायनं रजया वापस केल्या. म्हणतात, आमी बुडालो, पण अजून जनावरं नाई झालो."

त्यानं एक रजई ओट्यावर टाकली. गोदाबाईंनी विळ्यानं तिचं पोट फाडलं. वर कापसाचा पातळ पापुद्रा आणि आत तुरीचं कुटार. बैलापुढं टाकतात ते.

 

भादव्यात पूर्णामायनं अकोल्याकडची काठची गावं धुऊन नेली होती. थंडी तोंडावर आली, तशा गोदाबाई घरोघर फिरल्या आणि रजया मागितल्या. मागितल्या म्हणजे शिव्या घालून घेतल्या. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती आणि इकडं कापसाचं सोनं झालं होतं. उशा उसवून विकणारी माणसं रजई सुखासुखी देतात होय? तरी दिल्या. त्यातल्या उसवलेल्या गोदाबाईंच्या सुनेनं, सुभद्रेनं, माडीवर बसून शिवून काढल्या. मग सगळे गठ्ठे देवळाच्या ओवरीत गेले. राखणीला नत्थुजी.

म्हणून बोटं नत्थुजीकडं.

"उद्या सकाळी त्याले ठाण्यात धाडतो," पाटील भगवंतराव म्हणाले.

"सकाळपर्यंत मले द्या. दान माह्या तोंडानं मागितलं, नाक माहं कापलं गेलं. चोर मी पायतो."

"माय, तुमी बाईमाणूस..."

"म्हणूनच. तुमी कधी रजई शिवली का, पाटील?"

नत्थुजी ओवरीत गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"कोणी आलं होतं इथं?"

"नाई, माय."

"तू कुठं उठून गेला होता?"

"जाऊ कुठं? घरी कोण आहे माह्या?"

हे उत्तर गोदाबाईंना उगाच लागलं. त्यांनी सुई-दोरा त्याच्यापुढं धरला. "ओव."

नत्थुजीनं दोरा चाटला, डोळे बारीक केले. दोरा सुईच्या आजूबाजूनंच हिंडत राहिला. गोदाबाईंनी सुई काढून घेतली आणि घरी आल्या.

घरात दोघीच. एकुलता एक मुलगा, सुभद्रेचा नवरा उद्धव, कापसाच्या गठाणींबरोबर मुंबईला गेला आणि तिकडंच दुसरं बिऱ्हाड करून बसला. तेव्हापासून सासू-सुनेत बोलणं म्हणजे काम, नाहीतर टोमणा. दुपारी सुभद्रेनं सासूला भाकर वाढली आणि स्वतःच्या ताटात घासभर तांबूस भात घेतला. माहेरून आणलेला तांदूळ होता, पुरवून पुरवून खाई.

"भातानं पोट भरते का वं? भाकर खात जा."

सुभद्रेनं तांदळाचा डबा झाकून फडताळात ठेवला.

जेवण झाल्यावर गोदाबाईंनी अंगणात एकेक रजई उसवली. कुटार मोजक्याच रजयांतून निघालं. त्या सगळ्यांचे टाके नवे होते, बारीक, एका हाताचे. प्रत्येक रजईच्या कोपऱ्यातून दाण्यांची पुरचुंडीही पडली. पांघरूण उपाशी द्यायचं नाही, म्हणून गावात प्रत्येक बाई शिवताना पोटात चिमूटभर दाणे बांधते. चांगल्या रजयांत ज्वारी होती. कुटाराच्या रजयांत तांदूळ.

गोदाबाई ते दाणे तळहातावर घेऊन ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या. बोलल्या तर नत्थुजी सुटणार होता. आणि घर रिकामं होणार होतं.

सकाळी अंगणात पाटील आले, गाव आलं. नत्थुजीला मध्ये बसवलं. सुभद्रा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"चोरानं कापूस काढला," गोदाबाई म्हणाल्या, "कुटार भरलं, तोंड शिवलं. अन् शिवता शिवता दाणे ठेवले. चोरी केली, पण उपाशी पांघरूण द्याले जीव झाला नाई. नत्थुजीले तर सुईही ओवता येत नाई."

"दाणे कायचे?"

"तांदूळ."

"मग झालंच!" पाटलांनी मांडी थोपटली. "देवळात अक्षता असतात. यानं घेतले अन् कोणाकडून शिवून घेतलं."

"अक्षतेले कुंकू असते, पाटील. लग्नात डोक्यावर पडल्या तवा डोळे मिटले होते का? हा पाहा. तांबूस, हातसडीचा. झाडीपट्टीतला, उगवतीकडच्या धानाच्या मुलखातला तांदूळ आहे. आपल्या बाया ज्वारी बांधतात, झाडीतल्या तांदूळ. कुटार निघालं त्या साऱ्या रजया माह्या माडीवर शिवल्या गेल्या." त्या क्षणभर थांबल्या. "अन् गावात झाडीतली लेक एकच आहे."



"कापूस माडीवरच आहे," सुभद्रा म्हणाली. "विकाले गेली नाई. भेव वाटलं."

"काहून केलं?" गोदाबाईंनी विचारलं.

"गाडीवान झाडीपर्यंत फुकट नेते का? मले घरी जायाचं होतं."

"मले सांगाचं होतं."

"तुमाले? तुमी बोलता, आत्याबाई. ऐकता कवा?"

 गोदाबाई पाटलांकडं वळल्या. "नत्थुजीच्या पाया नका पडू, तुमची पगडी पडन. पण चुकलो म्हना. मोठ्यानं."

पाटलांनी तसं म्हटलं. नत्थुजीनं डोळे पुसले.

माडीवरचा कापूस परत भरला गेला. काढता-भरताना वाया जाऊन कमी पडला तो गोदाबाईंनी स्वतःच्या गादीतून काढून दिला. किसनरावाची गाडी पुन्हा पूर्णेकडं गेली.

गोदाबाईंनी झाडीसाठी ठरवलेली दुसरी गाडी उगवतीकडं तोंड करून उभी होती. गोदाबाईंनी आपली रजई आत बसलेल्या सुभद्रेच्या मांडीवर टाकली. कोपरा ताजा शिवलेला, टाके वाकडेतिकडे.

सुभद्रेनं कोपरा चाचपला. "काय बांधलं?"

"थंडीचं पांघर अन् गप बस."

गाडी दिसेनाशी झाली. गोदाबाई आत आल्या. चूल पेटवली, एकच भाकर थापली. फडताळात सुभद्रेचा तांदळाचा डबा होता. तो त्यांनी घासून उपडा ठेवला. आत दाणा उरला नव्हता.