रविवारी आजारी पडणारा संगणक

सावनीच्या घरचा संगणक फक्त रविवारी आजारी पडायचा.

सोमवार ते शनिवार तो रडतखडत का होईना, पण चालायचा. रविवारी सकाळी मात्र त्याच्या पोटातून ‘टक्... टक्...’ असा आवाज यायचा आणि पडदा गोठायचा. आता यंत्राला वार कसा कळावा? वार बघून पोटदुखी काढायला तो काही सावनीसारखा सहावीत नव्हता.

या रविवारी तो गोठला, तो उठलाच नाही. आणि त्याच्या आत हर्षदाआत्याचा आवाज होता.

हर्षदाआत्या अठरा वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारायची. स्थानकात हॉर्नचा गोंगाट, म्हणून नेहमीच्या सूचना ती घरीच, दारं-खिडक्या लावून संगणकावर ध्वनिमुद्रित करायची. गेल्या वर्षी आजारपणात तिचं स्वरयंत्र (आवाज निर्माण करणारा गळ्यातला अवयव) काढावं लागलं. तेव्हापासून आत्या पाटीवर लिहून बोलते. बुधवारी पुण्याचे डॉक्टर तिच्या गळ्याला बोलकी पट्टी बसवणार होते. ओठ हलवताना गळ्याच्या स्नायूंची जी हालचाल होते, ती ओळखून ही पट्टी बोलते. तासभराचा जुना, स्वच्छ आवाज नेऊन दिला, तर तुमच्या स्वतःच्या आवाजात. नाही दिला, तर कुठल्या तरी यंत्राच्या.

सोमवारी कंपनीचा सेवक-सात आला. घासलेल्या ताटासारखा चकचकीत यंत्रमानव. त्याने संगणकाला बोट लावलं आणि तीन सेकंदांत निकाल दिला.

“संचाचे आयुर्मान संपले आहे. आपण नवा संच घ्यावा. जुना संच मी गुरुवारी टेम्पोतून घेऊन जाईन. त्याचा चुरा केला जाईल.”

“आणि आतला आवाज?” सावनीने विचारलं.

“आपल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.”

“अरे, उघडून तरी बघ!”

“संच उघडण्याची तरतूद नाही.”

सावनीची कानशिलं तापली. “तीन सेकंदांत? माझा ताप मोजायलासुद्धा डॉक्टर जास्त वेळ घेतात! न उघडता, न विचारता थेट चुरा?”

आत्याने पाटी वर धरली. ‘माझेही वय झाले आहे. मलाही टेम्पोत घाला.’

सेवक-सातने पाटी वाचली आणि नम्रपणे विचारलं, “आपला मॉडेल क्रमांक?”

“निघ!” सावनीने दार उघडलं.

तो गेल्यावर दोघींनी संगणक चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने बसस्थानकामागे मेहरूनमावशीच्या दुकानात नेला. मेहरूनमावशी कुठल्या कॉलेजात गेली नव्हती. लोकांनी टाकून दिलेल्या रेडिओंनीच तिला शिकवलं होतं.

सावनीने कंपनीला घातलेल्या शिव्या ऐकून घेतल्यावर “कधी बिघडतो?” हेच तिने पहिलं विचारलं. सेवक-सातला हे सुचलंच नव्हतं.

“रविवारी.”

“फक्त?”

“फक्त.”

“मग रविवारी घरात वेगळं काय करता?”

“उशिरा उठतो, पोहे खातो...” सावनी आठवू लागली. तोवर आत्याने पाटीवर एकच शब्द लिहिला होता. ‘दळण.’

मावशीचे डोळे बारीक झाले. “घरघंटी कुठे ठेवता?”

“संगणकाच्या... शेजारी,” सावनीचा आवाज उतरला. “दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची एका बाकावर पूजा केली. हळदकुंकू, फुलं, सगळं. मग गिरणी जड म्हणून तिथेच राहिली. संगणकही राहिला.”

“या अल्लाह!” मावशीने पेचकस टेबलावर आपटला. “पूजा करता आणि नंतर त्याच बाकावर दोन दोन वर्षं त्याला धडधडवता? वर शिव्या कंपनीला?”

तिने झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर पिठाचा थर, त्यात अक्षता आणि कुंकू. “भाकरी थापा आता यातून एखादी! पंखा गुदमरला, म्हणून संगणक तापतो.”

“पीठ आवाजाच्या फायलींवरही गेलं?”

“नाही गं. त्या इथे आहेत.” मावशीने एक चपटी डबी बाहेर काढली. “ही हार्ड डिस्क (फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणारी पेटी). ही बंद असते, पिठाला आत वाट नाही. आत आरशासारख्या तबकड्या मिनिटाला पाच-सात हजार फेऱ्या मारतात. त्यांच्यावर एक वाचणारं टोक तरंगतं, न टेकता. किती उंचीवर? पिठाच्या एका कणाचे हजारो पापुद्रे काढ. त्यातल्या एका पापुद्र्याच्या जाडीएवढ्या.”

“आणि बाजूला गिरणी!” सावनी ओरडली. “टोक हलत असणार!”

“मग? त्याला नेमकी रेघ सापडत नाही, ते पुन्हा शोधतं. टक्. पुन्हा शोधतं. टक्. कधी चुकून टेकतं आणि ओरखडा पडतो. ओरखड्याखाली जे लिहिलं होतं, ते गेलं.”

सावनीने हातातली चादर चुरगळली. इतका छान, ताजा राग आणि तो काढायला आता घरच्यांशिवाय कुणी उरलं नव्हतं. “म्हणजे सेवक-सात बरोबर होता?”

“अर्धा. डिस्क थकलीय, खरं आहे. पण बाकी संगणक ठणठणीत आहे! चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय कापायचा का? कोण शिकवतं यांना हे?” मावशीने डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली. “आता ही एकदाच चालवायची, आवाजाची प्रत निघेपर्यंत. परीक्षेत अवघड प्रश्नावर अडून बसतेस का?”

“नाही. सोपे आधी.”

“तसंच. चांगल्या जागांवरचं आधी उचलू. ओरखड्यांकडे शेवटी जाऊ. आधीच तिथे हटून बसलो, तर ती तिथेच जीव सोडेल.”

प्रत निघत होती तोवर मावशीने नवी चिप बसवली. “हा रॅम (चालू कामाची माहिती हाताशी धरणारी तात्पुरती जागा). साठवण म्हणजे फळीवरचे डबे आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला, की दर वेळी एक डबा वर ठेवा, दुसरा काढा. म्हणून तुमचा संगणक कायम रडतखडत चालायचा.”

मग तिने काडेपेटीहून पातळ पट्टी दाखवली. “आणि ही एसएसडी (फिरता भाग नसलेली साठवण). कोट्यवधी इवल्या कप्प्यांत विजेचा भार कोंडलेला असतो. कुठल्या कप्प्यात किती भार, त्यावरून माहिती वाचायची. टोक नाही, तबकडी नाही, धडधडीची भीती नाही.”

“म्हणजे ही कधीच मरणार नाही?”

“असं कोण म्हणालं? पुन्हा पुन्हा पुसून लिहिलं की कप्पे झिजतात. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकली, तर भार हळूहळू गळतो. म्हणून एक प्रत हिच्यात, दुसरी दुसऱ्या घरी. माझ्याकडे ठेव.”

पडद्यावरचा प्रतीचा आकडा सत्त्याण्णव टक्क्यांपर्यंत भरभर गेला, मग गोगलगाय झाला. अठ्ठ्याण्णव. टक्. नव्व्याण्णव. टक्, टक्... आणि डिस्क थांबली. कायमची.

मावशीने एक फाईल लावली.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. सकाळी सातची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.”

आत्याचा हात गळ्यावर गेला. मावशी पदराने चष्मा पुसत राहिली. “या आवाजावर मी अठरा वर्षं शटर उघडलं, ताई.”

फलाट क्रमांक पाचच्या सूचना तेवढ्या गेल्या. “आपल्या दळणाने गेल्या,” सावनी रडवेली झाली. आत्याने लिहिलं, ‘पाचवर मुक्कामी गाडी लागायची. ती कधीच वेळेवर आली नाही. जाऊ दे.’

सावनीने नव्या एसएसडीवर पेनने तारीख घातली. दर वर्षी तपासायची, थकायच्या आधी बदलायची. घरी येऊन आई-बाबांसह चौघांनी गिरणी उचलून मागच्या गॅलरीत नेली.

गुरुवारी सेवक-सात जुना संच न्यायला आला. दार आत्याने उघडलं. तिच्या गळ्यावर बारीकशी रुपेरी पट्टी होती.

“लक्ष द्यावे,” आत्या म्हणाली. अठरा वर्षं स्थानकात घुमलेला, खणखणीत, तिचाच आवाज. “सेवक-सात, तुमची परतीची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. विनासामान प्रवास करावा.”

“आणि पुढच्या घरी आधी विचार, कधी बिघडतो म्हणून!” सावनी आतून ओरडली.

“सूचना नोंदवली आहे,” म्हणून तो वळला. सावनीने दार लावलं, पण कान दाराला लावून ठेवला.

शेजारच्या घराची घंटा वाजली. दार उघडलं. मग सेवक-सातचा आवाज आला, जरा अडखळत.

“आपला संच... कधी बिघडतो?”